मासा आणि त्याचें पाणी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही घरचीं चार माणसें बदलापुराजवळच्या कोंडेश्वरास गेलों होतों. देवदर्शन झालें, बरोबर नेलेली शिदोरी संपली, आणि वडील माणसें खडकावर बसून गप्पा मारीत असतां आमच्या नऊ वर्षांच्या भाच्यानें ओढ्याच्या कडेच्या डबक्यांतून रुमालाच्या झोळीनें बोटाएवढे तीन मासे धरले. पिण्याच्या पाण्याची बाटली रिकामी करून तींत त्यानें ओढ्याचें पाणी कांठोकांठ भरलें, मासे आंत सोडले, आणि वाटेंत पाणी सांडूं नये म्हणून होतें नव्हतें तेवढें बळ लावून झांकण घट्ट बसविलें. कोंडेश्वराहून बदलापूर स्टेशनपर्यंत रिक्षा आणि तेथून अंबरनाथ हें एकच स्टेशन. सारा मिळून सव्वा-दीड तासाचा प्रवास. गाडींत मुलानें बाटली छातीशीं धरली होती. घरीं येऊन पाहतों तों दोन मासे उलटे झाले होते. तिसरा परातींत ओतल्यावर थोडा वेळ तोंड उघडीत-मिटीत राहिला आणि दिवेलागणीच्या सुमारास तोहि गेला.

मुलगा रडला नाहीं, परंतु जेवतांना त्यानें विचारलें, "मामा, पाणी तर त्यांचेंच होतें. मग ते मेले कशानें?"

आम्ही पडलों इतिहासाचे अध्यापक. या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तत्काळ देतां आलें नाहीं. पुढें कांहीं दिवस ग्रंथालयांत शोध घेतला, तेव्हां ध्यानांत आलें कीं हा प्रश्न एकट्या मुलाचा नव्हे. जिवंत मासा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं कसा न्यावा, यासाठीं माणसानें शतकानुशतकें डोकें लढविलें आहे. त्या खटपटीला स्वतःचा असा इतिहास आहे, आणि त्याचे कांहीं धागे आमच्या उल्हास नदीच्या खोऱ्याशीं येऊन मिळतात. तो इतिहास वाचकांपुढें थोडक्यांत मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु.

जिवंत मासा वाहून नेल्याची आपल्या वाङ्मयांतील एक फार जुनी कथा शतपथ ब्राह्मणांत आहे. मनु सकाळीं हात धुवीत असतां त्या पाण्याबरोबर एक लहानसा मासा त्याच्या हातीं आला. आपलें रक्षण करावें, म्हणजे पुढें येणाऱ्या महापुरांतून आपण त्यास तारूं, असें त्या माशानें त्यास सांगितलें. रक्षण करावें कसें, असें मनूनें विचारल्यावर माशानें जें सांगितलें तें मोठें व्यवहारी आहे. लहान माशाला मोठ्या माशाचें भय असतें. म्हणून प्रथम आपणांस घड्यांत ठेवावें. घडा पुरेनासा झाला म्हणजे खड्डा खणून त्यांत ठेवावें. तोहि पुरेनासा झाला म्हणजे समुद्रांत नेऊन सोडावें. महाभारताच्या वनपर्वांत हीच कथा मार्कंडेय ऋषि युधिष्ठिरास सांगतात. तेथें घडा, तळें, गंगा आणि समुद्र अशा चार पायऱ्या आहेत. शेवटीं त्या अजस्र माशाला मनु समुद्राकडे घेऊन निघाला तेव्हां तो माशाच्या इच्छेनें सहज वाहतां येण्याजोगा झाला होता, असेंहि तेथें म्हटलें आहे.

पंडितांची दृष्टि या कथेंतील महापुराकडे आणि नौकेकडे लागते, तें स्वाभाविकच आहे. आम्हांला मात्र त्या घड्याचें महत्त्व अधिक वाटूं लागलें. ही कथा रचणाऱ्यास दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. मासा न्यावयाचा तर त्याच्याबरोबर पाणी न्यावें लागतें, ही एक. आणि तें पाणी माशाच्या मानानें असावें लागतें, ही दुसरी. घोडा, गाय, पोपट यांना एका मुलखांतून दुसऱ्या मुलखांत नेलें तरी हवा सगळीकडे तीच असते. माशाचें तसें नाहीं. त्याचें सारें जगच भांड्यांत भरून न्यावें लागतें, आणि भांडें तर लहान. सहज वाहून नेतां यावें एवढा अनुग्रह मनूच्या माशानें मनूवर केला; पुढच्या कोणत्याहि वाहकाच्या वांट्यास तें भाग्य आलें नाहीं.

आतां मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. मासा पाण्यांत राहतो म्हणून त्याला हवा लागत नाहीं असें नव्हे. पाण्यांत विरघळलेला प्राणवायु तो कल्ल्यांवाटें घेतो, आणि असा विरघळलेला प्राणवायु फारच थोडा असतो. ३० अंश सेंटिग्रेड इतक्या उबदार पाण्याच्या एका लिटरांत तो फार तर साडेसात मिलिग्रॅम मावतो. तेंच पाणी बर्फाइतकें थंड असेल तर त्यांत साडेचौदा मिलिग्रॅमपर्यंत मावूं शकतो. याच्या उलट आपल्या भोंवतालच्या एक लिटर हवेंत तो पावणेतीनशें मिलिग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे अर्ध्या लिटरची बाटली कांठोकांठ भरून झांकण लावलें कीं आंतल्या माशांची सारी शिदोरी तीन-चार मिलिग्रॅमांची. ती सरली म्हणजे नवी येण्याला वाटच नाहीं. तीच बाटली अर्धी रिकामी ठेवली असती, तर वरच्या हवेंत तिच्या कितीतरी पट प्राणवायु राहिला असता, आणि रिक्षाच्या धक्क्यांनीं पाणी हिंदकळून तो थोडाथोडा पाण्यांत उतरत गेला असता. मासे पाण्यावांचून मरतील या भीतीनें मुलानें जें अधिकाचें पाणी भरलें, त्यानेंच त्यांचा श्वास कोंडला.

दुसरेंहि एक कारण आहे. पाणी तापत जातें तसतसा त्यांतील प्राणवायु कमी होतो, आणि नेमका त्याच वेळीं माशाचा श्वास वाढतो. मुलानें मायेनें बाटली छातीशीं धरली. त्या मायेची ऊबहि त्यांना बाधली असेल. शिवाय मासा श्वासाबरोबर कर्बाम्लवायु बाहेर टाकतो आणि मलमूत्राच्या रूपानें अमोनिया सोडतो. नदींत तीं द्रव्यें वाहून जातात; बाटलींत तीं माशाच्याच अंगाशीं राहतात. म्हणूनच जाणते व्यापारी मासे पाठविण्यापूर्वीं एक दिवस त्यांना उपाशी ठेवतात. प्रवासाला निघतांना पोटभर जेवावें हा आपला नियम माशाला लावतां येत नाहीं.

हीं शास्त्रीय कारणें जुन्या लोकांना शब्दांनीं ठाऊक नव्हतीं. पण अनुभवानें ठाऊक होतीं. मरळ, मांगूर यांसारखे कांहीं मासे वर येऊन हवेंतूनच श्वास घेतात. ओल्या गवतांत वा थोड्याशा पाण्यांत ते तासन् तास जगतात, आणि म्हणून आपल्याकडे बाजारांत जिवंत विकावयास येतात. अशा माशाला पाणी कांठोकांठ भरून वर झांकण लावणें म्हणजे पाण्यांत राहणाऱ्याला पाण्यांत बुडविणें होय. इतर माशांसाठीं मोठीं भांडीं आणि त्वरा हे दोनच उपाय होते. रोमन ग्रंथकार प्लिनी सांगतो कीं, क्लॉडियस बादशहाच्या काळीं आरमाराच्या एका अधिकाऱ्यानें पूर्वेकडील समुद्रांतला एका जातीचा मासा आणवून इटलीच्या पश्चिम किनाऱ्याला सोडला, आणि पुढें पांच वर्षें असा दंडक घातला कीं जाळ्यांत तो मासा सांपडल्यास परत समुद्रांत टाकावा. त्या माशाचें तेथें बस्तान बसलें. मासा आणण्यासाठीं आरमार लागलें, आणि तो टिकविण्यासाठीं पांच वर्षांचा संयम लागला. या दोहोंपैकीं आरमार जमविणें सोपें, असें आम्हांस वाटतें.

आपल्या देशांत या कलेचें खरें माहेर बंगाल. तेथें पावसाळ्यांत नद्यांतून रोहू, कटला, मृगळ या माशांचीं इवलालीं पिल्लें गोळा करून गांवोगांवच्या तळ्यांत सोडण्याचा धंदा फार जुना. हीं पिल्लें मातीच्या हंडींतून नेत. मातीच्या अंगांतून पाझरलेलें पाणी वाऱ्यानें सुके, आणि आपल्या माठांतल्यासारखें आंतलें पाणी थंड राही. वाहक हंडीजवळ बसून पाणी हातानें सारखें हालवीत असे. हात थांबला कीं पिल्लें वर येऊन तोंडें वासूं लागत. वाटेंत थोडें जुनें पाणी काढून नवें घालावयाचें, हा दुसरा नेम. कोणी त्यांत थोडी लाल मातीहि टाकीत. तिच्यायोगें मेलेलीं पिल्लें व घाण तळाशीं बसे. प्राणवायूचें नांवहि न ऐकलेल्या या माणसांनीं त्याचें शास्त्र हाताच्या पंजांत साठविलें होतें.

कृष्णा-भीमेच्या आणि कोंकणच्या नद्यांत हे बंगाली मासे मूळचे नाहींत. महाराष्ट्रांतील तळ्यांसाठीं त्यांचें बीज पुष्कळ वर्षें कलकत्त्याकडून आगगाडीनें येत असे. हावड्याहून मुंबईस नागपुरावरून या कीं अलाहाबादेवरून या, कल्याण टाळतां येत नाहीं. आमच्या अंबरनाथाहून तीन स्टेशनें पलीकडे, मुंबईकडे जाणाऱ्या हंड्या याच फलाटावरून गेल्या असल्या पाहिजेत. सुमारें दोन हजार किलोमीटरांचा आणि दोन रात्रींचा प्रवास, आणि सोबतच्या माणसाला झोंप नाहीं! १० जुलै १९५७ रोजीं ओरिसांत डॉ. हिरालाल चौधरी यांनीं माशाच्या मस्तकांतील ग्रंथीचा अर्क टोंचून तळ्यांतल्या कार्प जातीच्या माशांकडून अंडीं घालविण्याचा प्रयोग यशस्वी केला. त्यामुळें पुढें जागोजागीं बीज तयार होऊं लागलें, आणि त्या हंड्यांचा हा लांबचा प्रवास हळूहळू कमी झाला. तो दिवस आज मत्स्यशेतकऱ्यांचा दिन म्हणून पाळला जातो. मध्यंतरीं दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकची पिशवीहि आली होती. एक भाग पाणी, दोन भाग शुद्ध प्राणवायु, वर घट्ट गांठ: या एका युक्तीनें हंडी हालविणारा हात मोकळा झाला. मुंबईहून रविवारीं संध्याकाळीं कर्जतच्या गाडींत चढणाऱ्या मुलांच्या हातांत रंगीत माशांच्या फुगीर पिशव्या दिसतात, त्या त्याच युक्तीच्या.

रेल्वेनें मासे नेण्याचा सर्वांत धाडसी प्रयोग मात्र अमेरिकेंत झाला. १८७१ सालीं सेथ ग्रीन नांवाच्या गृहस्थानें 'शॅड' या माशाचीं सुमारें १२,००० पिल्लें दुधाच्या कॅनांत घालून न्यूयॉर्क राज्यांतून थेट पॅसिफिक किनाऱ्यावरील कॅलिफोर्नियाला नेलीं. वाटेंत जेथें मिळेल तेथें तो पाणी बदलीत गेला. त्यांतलीं १०,००० च्या आसपास जगलीं, आणि त्या किनाऱ्यावर तो मासा कायमचा वसला. शॅड आणि आपल्याकडील पाला हे एकाच कुळांतले मासे आहेत. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, तिचें काम पुढें आहे.

याहूनहि मोठी युक्ति ती मासा नेण्याऐवजीं त्याचें अंडें नेण्याची. इंग्लंडांतून ऑस्ट्रेलियाकडे सॅमन व ट्राउट हे मासे नेण्याचे प्रयत्न १८५२ पासून फसत आले होते, कारण उष्ण कटिबंध ओलांडतांना सारें मरून जाई. जेम्स यूल यानें अंडीं ओल्या शेवाळांत दडपून, पेट्या बर्फाच्या कोठींत ठेवून पाठविलीं. १८६४ सालीं 'नॉरफोक' जहाजानें एक लाखाहून अधिक सॅमनचीं आणि थोडीं ट्राउटचीं अंडीं नेलीं, आणि तीन महिन्यांच्या प्रवासानंतर त्यांतील कांहीं टास्मानियांत जिवंत फुटलीं. मौज अशी कीं ज्या सॅमनसाठीं हा सारा खटाटोप, तो तेथें रुजला नाहीं. बरोबर आलेला ट्राउट रुजला. आपल्या काश्मिरांतहि १८९९ सालीं आलेलीं ट्राउटचीं अंडीं वाया गेलीं, आणि पुढल्या वर्षींचीं जगलीं. अंडें श्वास घेतें, पण फार थोडा. थंडावा आणि ओल असली कीं त्याला वाहतें पाणीहि लागत नाहीं. पाणी न नेतां मासा नेण्याची ही एकच वाट माणसाला सांपडली.

आतां आपण उल्हासेच्या उगमाकडे येऊं. लोणावळ्याच्या उत्तरेस राजमाचीच्या दऱ्यांत ही नदी उगवते, आणि कर्जत, नेरळ, बदलापूर करीत कल्याणच्या खाडीकडे जाते. त्याच डोंगरांच्या माथ्यावर लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीचा वळवण तलाव आहे. कर्नल साइक्स यानें १८३९ सालीं दख्खनच्या माशांचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत मुळामुठेंतल्या एका मोठ्या खवल्याच्या माशाला त्यानें लोकांच्या तोंडचेंच 'खुदरी' हें नांव दिलें. हाच दख्खनचा महसीर. वाहत्या, स्वच्छ, खडकाळ पाण्याचा हा रहिवासी. धरणें झालीं, सुरुंग लावून मासे मारण्याची दुष्ट चाल वाढली, तसा तो दुर्मिळ होऊं लागला. महाराष्ट्राच्या मत्स्यखात्याचे माजी संचालक डॉ. चं. वि. कुळकर्णी यांनीं १९७० च्या सुमारास लोणावळ्यास या माशाचीं अंडीं हातानें काढून तीं फळविलीं. टाटांनीं तेथें त्याची रोपवाटिकाच उभी केली, आणि ती पुढें दशकानुदशकें चालली. महसिराच्या अंड्याला फुटावयास तीन-चार दिवस लागतात. तेवढ्या अवधींत तें ओल्या कापसाच्या थरांत ठेवून दूरवर पाठवितां येतें, हेंहि या मंडळींनीं दाखवून दिलें. यूलचें शेवाळ गेलें, कापूस आला. बर्फाची कोठी गेली, विमान आलें. लोणावळ्याचें मत्स्यबीज देशाच्या निरनिराळ्या राज्यांत गेलें.

येथवर ही कथा निव्वळ यशाची आहे, आणि येथेंच ती थांबली असती तर आम्ही हा लेख कदाचित् लिहिला नसता. लोणावळ्याचीं पिल्लें कर्नाटकांत कावेरीच्या खोऱ्यांतहि सोडण्यांत आलीं. त्या कावेरींत तेथलाच एक निराळा महसीर होता. पाठीला कुबड, अंग अवाढव्य, आणि गळानें मासे धरणाऱ्यांत जगप्रसिद्ध. १९४६ सालीं काबिनी नदींत १२० पौंडांचा महसीर गळाला लागल्याची नोंद आहे. दख्खनी मासा तेथें छान रुजला, फोफावला. आणि मूळचा कुबडा मासा दिसेनासा होत गेला. त्याच्या ऱ्हासाला धरणें, वाळूउपसा, सुरुंग हीं कारणेंहि आहेतच. परंतु बाहेरून आलेल्या भाऊबंदाचा वांटा त्यांत मोठा आहे, असें अभ्यासक सांगतात. सर्वांत विलक्षण हें कीं, या कुबड्या माशाचें शास्त्रीय नांव निश्चित झालें तें २०१८ सालीं, आणि त्याच वर्षीं जागतिक यादींत त्याची गणना नष्ट होण्याच्या अगदीं काठावरच्या जातींत झाली. त्याच सुमारास आमचा दख्खनी खुदरी मात्र संकटग्रस्तांच्या यादींतून सुखरूप बाहेर पडला. ज्यांनीं त्याला वांचविलें त्यांच्या हेतूंत लवमात्र खोट नव्हती. कला पूर्ण साधली, मासे जिवंत पोंचले, आणि जिवंत पोंचले म्हणूनच नुकसान झालें. मुलाच्या बाटलींतले तीन मासे मेले, त्याचें वाईट एका घरापुरतें. ते जगले असते आणि कंटाळा आल्यावर भलत्याच नदींत सोडले गेले असते, तर? परदेशांतून शोभेसाठीं आणलेला, कांचेवरचें शेवाळ चाटणारा खरबरीत अंगाचा मासा आज देशांतील अनेक जलाशयांत कोळ्यांचीं जाळीं फाडतो आहे. तो कोणीतरी दयाबुद्धीनेंच पाण्यांत सोडला असेल.

मासा नेणें म्हणजे पाणी नेणें, हें सूत्र आम्हीं आरंभीं सांगितलें. त्याची एक करुण बाजू आमच्या शेजारच्या उल्हासनगरांत पहावयास मिळते. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारें एक लाख निर्वासितांस त्या बराकींत ठेवण्यांत आलें, आणि १९४९ सालीं त्या वसाहतीस नदीवरून उल्हासनगर हें नांव मिळालें. हे लोक सिंधु नदीचे. त्यांचे इष्टदेव झुलेलाल माशावर बसलेले असतात, आणि तो मासा म्हणजे सिंधूचा 'पल्लो', आपला पाला. समुद्रांतून तो नदींत वर चढतो. सक्करजवळच्या झिंदा पिराच्या दर्शनाला तो जातो, अशी तिकडील लोकांची श्रद्धा. सिंधचे कोळी मातीच्या मोठ्या मडक्यावर पालथे पडून नदींत तरंगत, आणि जाळ्यांत आलेला पल्लो त्याच मडक्याच्या तोंडांतून आंत टाकीत. मडकें हीच त्यांची होडी आणि मडकें हीच कोठी.

परंतु हा मासा असा नाजूक कीं पाण्याबाहेर काढतांच प्राण सोडतो. त्याचीं कोंवळीं पिल्लें शॅडच्या पिल्लांप्रमाणें कॅनांतून नेतां येतीलहि. अलीकडे गंगेवर फराक्का धरणाच्या वरच्या अंगास जिवंत पाला नेऊन सोडण्याचे प्रयोग सरकारी मत्स्यशास्त्रज्ञांनीं केले आहेत. पण घरदार सोडून निघालेल्या माणसाला हें कोठलें साधावयाचें? त्यांनीं भाषा आणली, दुकानदारीचें कसब आणलें, चालिहोचे चाळीस दिवसांचे उपवास आणले; नदी आणतां आली नाहीं. दर वर्षीं चालिहोच्या अखेरीस पाण्याच्या कांठीं जमून ते आपल्या देवतेची पूजा करतात, तेव्हां पुढें असलेलें पाणी निराळें असतें आणि मनांतलें निराळें. आणि ज्या सिंधूची आठवण त्यांनीं जतन केली तीहि तशीच उरली नाहीं. १९५५ सालीं कोटरीचा बंधारा पुरा झाला, आणि पल्लोची वर चढण्याची वाट अडली. तो मासा त्यांना येथें आणतां आला नाहीं, आणि तिकडेहि तो पूर्वीसारखा उरला नाहीं. माणसें मात्र रुजलीं. माणूस आपलें पाणी बरोबर न आणतांहि जगूं शकतो. त्यासाठीं त्याला काय सोसावें लागतें तें उल्हासनगरच्या वृद्धांनाच ठाऊक.

त्या नव्या पाण्याचें आपण काय केलें, हा प्रश्न आम्हां सर्वांचा. उल्हास नदी उन्हाळ्यांतहि वाहते, ती मोठ्या अंशानें भिवपुरीच्या वीजघरामुळें. सह्याद्रीच्या माथ्यावरील आंद्रा तलावाचें, म्हणजे एरवीं भीमेकडे पूर्वेस गेलें असतें तें पाणी, १९२२ पासून घाट उतरून वीज देऊन उल्हासेंत येतें. त्यावर बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर यांची तहान भागते. एक अख्खें पाणी डोंगर ओलांडून आमच्या दारीं आणलेलें आहे. आणि तिची उपनदी वालधुनी? शके ९८२ मध्यें, म्हणजे इ. स. १०६० मध्यें, शिलाहारांनीं जिच्या कांठीं अंबरनाथाचें शिवालय उभारलें, त्या वालधुनीचें पाणी कारखान्यांच्या व वस्तीच्या सांडपाण्यानें असें झालें आहे कीं तिच्यांत मासा सोडणें हीच हिंसा ठरावी. या दोन नद्यांच्या प्रदूषणाचा दावा राष्ट्रीय हरित अधिकरणापर्यंत गेला, दंड झाले, आदेश निघाले. परंतु देवळामागच्या पुलावर उभें राहिलें म्हणजे नाकाला जें कळतें, तें कोणत्याहि निकालपत्रानें बदललेलें नाहीं.

मासा प्रवासांत कां मरतो याचें उत्तर आम्हीं भाच्यास दिलें. त्यानें तें नीट ऐकून घेतलें आणि दुसरा प्रश्न टाकला: "मग अर्धी बाटली भरून आणले असते आणि जगले असते, तर त्यांना मोठे झाल्यावर कोठें सोडलें असतें?" मनूचा मासा हाच प्रश्न घेऊन आला होता. घड्यानंतर खड्डा कोठें आणि खड्ड्यानंतर समुद्र कोठें, हें ज्याच्यापाशीं ठरलेलें असेल त्यानेंच मासा घरीं आणावा. मुलाला आम्हीं वालधुनीचें नांव सांगूं शकलों नाहीं. ती त्याच्या घरापासून पायीं दहा मिनिटांवर आहे.

यंदाच्या पावसाळ्यांत आम्ही पुन्हां कोंडेश्वरास गेलों. मुलानें मासे धरले, बाटली अर्धीच भरली, झांकण लावलें नाहीं. उजेडाकडे धरून त्यानें त्यांचे कल्ले उघडतांना-मिटतांना बराच वेळ पाहिले, धाकट्या बहिणीला दाखविले, आणि निघण्याची हांक आली तेव्हां बाटली ओढ्यांत आडवी केली. मासे लगेच बाहेर पडले नाहींत. थोडा वेळ ते तोंडाशींच घुटमळले, आणि मग एकदम दिसेनासे झाले.